मूळव्याध सर्वांत शेवटी : प्रस्तावना

या पुस्तकात मूळव्याधीचे प्रकरण सर्वांत शेवटी आले आहे. गुदविकारांवरच्या बहुतेक पुस्तकांची सुरुवात तिच्यापासून होते आणि रुग्णांच्या संख्येकडे पाहिले तर त्यात वावगे काही नाही. तरीही इथे क्रम उलटा ठेवला आहे, तो जाणूनबुजून. शौचाला रक्त पडते, खाली दुखते, धुताना हाताला काहीतरी लागते किंवा कपड्याला ओलसर डाग पडतो, यांपैकी कुठलीही तक्रार घेऊन येणारा माणूस खुर्चीवर टेकायच्या आधीच निदान सांगून मोकळा होतो: मूळव्याध. तोवर औषधाच्या दुकानातून एखादे मलम आणून झालेले असते, घरात सुरणाची भाजी सुरू झालेली असते, तिखट बंद झालेले असते. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरही पुष्कळदा तेच केसपेपरवर उतरवतात आणि पुढच्या नंबराला हाक जाते. यात कुणाचा हेतू वाईट नसतो. पण गुदद्वाराच्या काही सेंटिमीटरांच्या टापूत डझनभर तरी वेगवेगळे आजार नांदतात. त्यांतल्या काहींना महिना-दीड महिना धीर धरता येतो, काहींना एक रात्रसुद्धा नाही, आणि एक असा आहे की त्याच्या बाबतीत गेलेले सहा महिने परत मिळत नाहीत. म्हणून माझे म्हणणे असे, की मूळव्याध हे पहिले निदान नव्हे. बाकीचे आजार डोळ्यांनी आणि बोटाने बाजूला सारल्यावर उरणारे ते निदान आहे. मूळव्याध दुर्मीळ आहे म्हणून मी हे म्हणत नाही. उलट ती इतकी सर्रास आढळते की ती सापडली याने फारसे काही सिद्धच होत नाही.

हे शेवटचे विधान विचित्र वाटेल, म्हणून आधी त्याचाच पुरावा पाहू. मूळव्याध म्हणजे फुगलेल्या शिरा, पायावर व्हेरिकोज व्हेन्स येतात तशा, अशी समजूत वैद्यकात फार काळ होती. डब्ल्यू. एच. एफ. थॉमसन या ब्रिटिश सर्जनने १९७५ साली मूळव्याधीच्या स्वरूपावर एक निबंध प्रसिद्ध केला आणि या समजुतीला धक्का दिला. गुदमार्गाच्या अस्तराखाली रक्तवाहिन्या, लवचीक तंतू आणि स्नायूंचे बारीक धागे मिळून झालेल्या मऊ गाद्या असतात, आणि त्या आजाऱ्यांतच नव्हे तर सगळ्यांतच असतात, हे त्याने शवविच्छेदनातून दाखवून दिले. त्या मुख्यतः तीन. रुग्णाला पाठीवर झोपवून गुदद्वाराकडे घड्याळाची तबकडी म्हणून पाहिले, तर ३, ७ आणि ११ वाजण्याच्या जागी त्या सापडतात. नळातल्या वॉशरचे जे काम, तेच यांचे: स्नायूने कितीही आवळले तरी उरणारी फट भरून काढायची. एरवी गुदमार्ग बंद राहतो त्यात या गाद्यांचा वाटा १५ ते २० टक्के धरला जातो. वर्षानुवर्षे कुंथून, गरोदरपणात किंवा वाढत्या वयाने त्यांना धरून ठेवणारे तंतू सैल पडले, की गादी खाली घसरते, तिचे अस्तर खरवडते आणि रक्त जाते. मूळव्याध म्हणजे बाहेरून उगवलेला काही कोंब नव्हे, मुळात असलेल्या अवयवाची जागा सुटणे आहे. यातून निघणारा निष्कर्ष मात्र रोजच्या कामात हटकून विसरला जातो. मधल्या वयाच्या माणसाला प्रॉक्टोस्कोप, म्हणजे गुदमार्ग आतून पाहण्याची नळी, लावून कुंथायला सांगितले, तर या गाद्या थोड्याफार पुढे झेपावलेल्या दिसतातच, तक्रार असो वा नसो. तेव्हा रक्त जाणाऱ्या माणसात त्या फुगलेल्या दिसल्या, एवढ्यावरून रक्त तिथूनच जाते असे ठरत नाही. दोन गोष्टी एकाच माणसात असू शकतात, आणि त्यांतली निरुपद्रवी गोष्ट आधी डोळ्यांत भरते.

आता दुखण्याकडे येऊ, कारण निदानाची निम्मी वाट तिथेच सरते. गुदद्वाराच्या काठापासून साधारण दोन सेंटिमीटर आत एक दातेरी कडा असते. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला ती डेंटेट लाइन म्हणून पाठ असते. परीक्षा झाली की बहुतेक जण तिला विसरतात. या कडेच्या वरचे अस्तर आतड्याचे आहे. त्याला ताण आणि फुगवटा जाणवतो, कापलेले-टोचलेले जाणवत नाही. खालचे अस्तर त्वचेच्या जातीचे आणि अतिशय हळवे. आतली मूळव्याध या कडेच्या वर असते, म्हणून ती भांड्यात थेंब थेंब किंवा धार लागून लाल रक्त सोडते, पण दुखत नाही. तिच्या मुळाशी रबर बँड बसवण्याचा उपचार भूल न देता होतो तो याच कारणाने. बँड चुकून कडेच्या जवळ बसला तर रुग्ण तिथल्या तिथे सांगतो. मग 'शौचाला काचा टोचल्यासारखं होतं, नंतर दोन तास आग थांबत नाही' असे म्हणणाऱ्याला साधी मूळव्याध कशी असेल? त्याला बहुधा फिशर असते, म्हणजे कडेखालच्या हळव्या त्वचेला पडलेली चीर. तीही रक्त सोडते, पण थोडेसे, मलावर रेघ ओढल्यासारखे. माणूस शौचाला जायला घाबरतो, टाळतो, मल आणखी कडक होतो आणि पुढच्या खेपेला चीर पुन्हा उसवते. हे चक्र सहा-आठ आठवडे चालले की चिरेच्या बाहेरच्या टोकाशी त्वचेची एक घडी वाढते. धुताना बोटाला लागते ती हीच, आणि 'मोड आलाय' ही तक्रार जन्माला येते ती इथून. (पाश्चात्त्य सर्जनांनीही या घडीला पहारेकरी पाइल असे नाव ठेवून गोंधळात भरच घातली आहे.) मोड आहे, रक्त आहे, म्हणजे मूळव्याध, असा सरळसोट हिशेब झाला तर मोड कापला जातो आणि चीर जागच्या जागी राहते.

चीर का भरत नाही, हे कळले की हा फरक महत्त्वाचा का तेही कळते. गुदमार्गाचा आतला स्फिंक्टर, म्हणजे आपल्या इच्छेविना आवळून राहणारा स्नायू, दुखण्याने आणखी आवळतो. मागच्या मध्यरेषेवर रक्तपुरवठा मुळातच बेताचा असतो. आवळलेल्या स्नायूने तो आणखी रोडावतो. म्हणून दहातल्या नऊ चिरा मागच्या मध्यरेषेवर सापडतात, काही, विशेषतः स्त्रियांत, पुढच्या. उपचार या साखळीवरच घाव घालतो: डिल्टियाझेम किंवा नायट्रोग्लिसरीनचे मलम स्नायू सैल करते, आणि ते पुरले नाही तर सर्जन त्याच स्नायूचा छोटा भाग कडेने छेदतो. मूळव्याधीच्या उपचारात या स्नायूला कुणी हात लावत नाही. एकाचा उपचार दुसऱ्यावर केला तर तो वाया जातो, कधी कधी अपायही करतो. चिरेची जागा आणखीही एक गोष्ट सांगते. चीर मध्यरेषा सोडून बाजूला असेल, एकाहून जास्त असतील किंवा जखम खोल असूनही दुखत नसेल, तर ती साधी चीर नव्हे असे धरून चालावे. क्षय, क्रोन्स डिसीज, सिफिलिस, एचआयव्ही, रक्ताचा कर्करोग किंवा त्याच जागचा कर्करोग, यांपैकी काय ते शोधल्याशिवाय तिथे मलम लावणे म्हणजे दिवस काढणे. घड्याळाच्या तबकडीवर एक काटा दाखवून केसपेपरवर लिहिलेली ही एक ओळ अनेक तपासण्यांपेक्षा जास्त कामाची असते, आणि ती लिहायला पाहावे लागते, एवढीच तिची किंमत.

'मूळव्याध दुखत नाही' या नियमाला अपवाद आहेत, आणि ते सांगितले नाहीत तर नियम घातक ठरेल. बाहेरच्या कडेवरच्या शिरेत रक्त गोठले, तर एका दिवसात निळसर, टणक, वाटाण्याएवढी किंवा त्याहून मोठी गाठ येते आणि माणसाला बसवत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत ती सुन्न करून काढली तर लगेच आराम पडतो. त्यानंतर आलेल्याचे दुखणे आपोआप उतरणीला लागलेले असते, तेव्हा हात न लावणे बरे. बाहेर आलेली मूळव्याध आत न जाता आवळली गेली तरी असह्य दुखते. पण हे दोन्ही प्रकार दिसतात, अंदाजाने ओळखावे लागत नाहीत. दुखते आहे आणि बाहेर काहीच दिसत नाही, अशा वेळी मात्र मूळव्याध हा शब्द लिहिण्याआधी पेन थांबले पाहिजे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो फालतू नाही. फिशर असो की सुरुवातीची मूळव्याध, पहिला उपचार एकच: भाज्या-फळे आणि इसबगोल, भरपूर पाणी, न कुंथणे, संडासात मोबाइल घेऊन न बसणे, कोमट पाण्याच्या टबात बसणे. बरेच लोक यावरच बरे होतात. मग नाव काय द्यायचे याचा एवढा काथ्याकूट कशाला? आक्षेपाचा पहिला अर्धा भाग मी मान्य करतो. ताज्या चिरा बहुतांशी याच उपायांनी काही आठवड्यांत भरतात आणि पहिल्या पायरीच्या मूळव्याधीला याहून जास्त लागतही नाही. पण हा उपचार सगळ्यांना सारखा आराम देतो, हाच त्यातला धोका आहे. मल मऊ झाला की मलाशयाच्या गाठीवरचे घर्षणही कमी होते आणि तिचेही रक्त काही दिवस थांबते. रुग्णाला वाटते औषध लागू पडले. आराम पडला म्हणून निदान बरोबर होते, ही उलटी वाट इथे चालत नाही. म्हणून सर्वसामान्य उपचार जरूर सुरू करावा, पण पाहिल्यानंतर, आणि त्याला मुदत घालून. चार ते सहा आठवड्यांत रक्त पूर्ण थांबले नाही किंवा थांबून पुन्हा सुरू झाले, तर पहिले निदान रद्द समजून नव्याने सुरुवात करावी.

हा आक्षेप गळवापाशी तर पुरता कोसळतो. गुदमार्गाच्या आतल्या आणि बाहेरच्या स्फिंक्टरच्या मध्ये बारीक ग्रंथी असतात. त्यांतली एखादी तुंबून पिकली, की पू वाट शोधत गुदद्वाराच्या कडेला किंवा नितंबात खोल उतरतो. दुखणे शौचाशी जोडलेले नसते. ते अहोरात्र ठणकते, ताप येतो, माणूस एका कुशीवर टेकून बसतो. पू खोल असेल तर बाहेर सूज दिसत नाही आणि इथेच 'अजून पिकले नाही, अँटिबायोटिक घ्या, पाच दिवसांनी या' असे सांगितले जाते. या जागेतले गळू पिकण्याची वाट पाहायची नसते. त्याला चीर देऊन पू काढणे हाच उपचार. औषध त्याला जोड, पर्याय नव्हे. मधुमेह असलेल्यात ही वाट पाहणे जिवावर बेतू शकते, कारण संसर्ग कातडीखालच्या थरांतून जननेंद्रियाकडे तासातासाने सरकतो आणि मांस सडवत जातो. फूर्निए या फ्रेंच डॉक्टरने १८८३ साली त्याचे वर्णन केले, आजही त्याच्याच नावाने तो ओळखला जातो. अशा रुग्णाच्या हाती मूळव्याधीचे मलम असणे, ही या विषयातली सर्वांत टाळता येण्याजोगी दुर्घटना आहे.

गळू फुटले किंवा फोडले, तरी साधारण एकतृतीयांश ते निम्म्या रुग्णांत आतले तोंड उघडेच राहते आणि भगंदर होतो: आत एक तोंड, बाहेर एक, मध्ये बोगदा. बाहेरच्या तोंडातून थोडाथोडा पू येतो, मग ते मिटते, माणसाला बरे वाटते, आत पुन्हा साचते, ठणकते, फुटते. वर्षभर असे चालले की तक्रार 'कपड्याला डाग पडतो' एवढीच उरते आणि तीही मूळव्याधीच्या खात्यात जमा होते. सुश्रुताने हे दोन आजार कधीच एकत्र केले नाहीत, हे इथे नमूद करायला हवे. त्याच्या संहितेच्या निदानस्थानात अर्श, म्हणजे मूळव्याध, दुसऱ्या अध्यायात आहे, भगंदर चौथ्यात, आणि दोन्ही आठ महागदांत मोजलेले. न फुटलेली ती पिडका आणि फुटल्यावर तो भगंदर, असा गळवापासून भगंदरापर्यंतचा प्रवासही त्याने नेमका टिपला आहे. आधुनिक बाजूला हीच नेमकी नजर लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात घडली. १८३५ साली फ्रेडरिक सॅमनने सात खाटांवर ते सुरू केले, तेही मुख्यतः भगंदराच्या गरीब रुग्णांसाठी. तिथल्याच डेव्हिड गुडसॉलने १९०० च्या सुमारास मांडलेला नियम अजून शिकवला जातो: बाहेरचे तोंड गुदद्वाराच्या पुढच्या अर्ध्यात असेल तर बोगदा सरळ आत जातो, मागच्या अर्ध्यात असेल तर वळसा घेऊन मागच्या मध्यरेषेवर उघडतो. पुढचे तोंड ३ सेंटिमीटरपेक्षा दूर असेल तर तेही मागच्यासारखे वागते. आणि १९७६ साली ॲलन पार्क्सने ४०० भगंदरांच्या अभ्यासावरून ते स्फिंक्टरच्या कुठून जातात यानुसार चार प्रकार पाडले, जे आज एमआरआयच्या अहवालातही दिसतात. बोगदा स्नायूचा किती भाग ओलांडतो यावर तो सरळ उघडून टाकायचा की नाही हे ठरते. चुकले तर भगंदर बरा होतो आणि माणसाचा मलावरचा ताबा जातो.

भगंदराचे नाव काढले की आयुर्वेद की ॲलोपॅथी हा वाद ठरलेला. मला तो इथे गैरलागू वाटतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत घेतलेल्या, १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्षारसूत्राने, म्हणजे भगंदराच्या बोगद्यात बांधल्या जाणाऱ्या आयुर्वेदातल्या औषधी दोऱ्याने, जखम भरायला साधारण ८ आठवडे लागले आणि शस्त्रक्रियेने ४. पण भगंदर उलटण्याचे प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के होते, शस्त्रक्रियेत ११. हा पुरावा डोळ्याआड करण्यासारखा नाही, आणि क्षारसूत्राची टिंगल करणाऱ्या सर्जनांनी तो वाचावा. मात्र त्याचा आधार घेताना एक गोष्ट निसटू नये. चाचणीतल्या रुग्णांना भगंदरच आहे, हे आधी तपासून ठरवलेले होते. क्षयाच्या भगंदरावर आधी क्षयाची औषधे लागतात. क्रोन्सच्या भगंदरावर घाईने शस्त्र किंवा सूत्र चालवले तर जखमा चिघळतात. नितंबांच्या मधल्या घळीत, माकडहाडाजवळ केसांमुळे होणारे पायलोनिडल सायनस पुवाळत असले तरी त्याचा गुदमार्गाशी संबंधच नसतो. पद्धत कुठलीही असो, ती लागू पडते की नाही हे निदानावर ठरते. 'मूळव्याध, भगंदर, फिशर, टाके नाहीत, कापाकापी नाही' अशा पाट्यांना माझी हरकत लेझरबद्दल नाही. लेझर हे एक साधन आहे, काही रुग्णांत चांगले. हरकत आहे ती तीन आजारांना एकाच ओळीत एकच इलाज जोडण्याला. आणि पाटी लावून गुदद्वाराशी कसलेसे दाहक औषध टोचणाऱ्यांबद्दल तर वाद घालण्यासारखे काही नाही. मांस सडून गुदमार्ग आकसलेले त्यांचे रुग्ण शेवटी सर्जनकडेच येतात.

आता सर्वांत अवघड आक्षेप. मलाशयाचा कर्करोग भारतात पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी. शंभर रक्तस्रावांत तो फार थोड्यांना निघेल. त्या थोड्यांसाठी बाकीच्यांना घाबरवायचे आणि कोलोनोस्कोपीच्या रांगेत उभे करायचे? नाही, असे मी म्हणत नाही. पण 'कमी' या शब्दाआड दोन गोष्टी लपतात. एक म्हणजे वय. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या ८०० रुग्णांच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात मोठ्या आतड्याच्या आणि मलाशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांचे सरासरी वय ४७ च्या आसपास होते. हा कर्करोग म्हातारपणी होतो हा पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतला हिशेब इथे जसाच्या तसा लावता येत नाही; 'पस्तिशीचा आहे, मूळव्याधच असणार' हा तर्क म्हणून लंगडा पडतो. दुसरी गोष्ट अंतराची. मलाशय साधारण १२ ते १५ सेंटिमीटर लांब असतो आणि हातमोज्यातले बोट सात-आठ सेंटिमीटरपर्यंत पोचते. खालच्या भागातली कडक, खडबडीत, कडा उंचावलेली गाठ त्याला लागते. आणि मूळव्याध, गंमत अशी, बोटाला सहसा लागतच नाही, कारण ती मऊ असते आणि दाबली की चपटी होते. बोटाने मूळव्याध शोधायची नसते. तिच्याऐवजी काय आहे ते शोधायचे असते. कोलोनोस्कोपी मागावी ती निवडून: रक्त मलात मिसळून येते, आव पडते, शौचाला लागल्यासारखे होऊन काहीच होत नाही, पोटाची सवय अलीकडे बदलली, वजन उतरले, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला आहे, चाळिशी-पंचेचाळिशी ओलांडून पहिल्यांदाच रक्त गेले, किंवा हिमोग्लोबिन घसरले. हिमोग्लोबिनबद्दल एवढेच, की मूळव्याधीने ते कधी कधी खरोखर सहा-सातवर येते, पण ते मूळव्याधीनेच आले हे वरचे आतडे पाहिल्याखेरीज कुणी लिहू नये. आव आणि रक्ताचे पातळ जुलाब वारंवार होणाऱ्या तरुणाला अल्सरेटिव्ह कोलायटिस असू शकतो. लहान मुलाला न दुखता लाल रक्त गेले तर मूळव्याधीचा विचारही करू नये. तिथे पॉलिप शोधायचा, आणि तो सहसा साधा निघतो.

राहता राहिली तपासणी, जिच्यावर हे सगळे उभे आहे आणि जी सर्वांत कमी होते. वेळ नसतो, रुग्ण लाजतो, बाई असेल तर आणखी. तेव्हा लक्षणांवरून ठरवणेच व्यवहार्य, असे म्हटले जाते. वेळेचे गणित मला पटत नाही. रुग्णाला डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवायचे, अंगावर चादर, सोबत परिचारिका. चांगल्या उजेडात दोन्ही बाजू हलक्या हाताने फाकवल्या की भगंदराचे बाहेरचे तोंड, गोठलेली गाठ, पहारेकरी घडी आणि तिच्यामागची चीर, चामखिळी, सूज हे सगळे बोट न घालता दिसते. ताजी चीर दिसली तर तिथेच थांबावे. त्या दिवशी बोट घालणे म्हणजे निष्कारण छळ. नाहीतर लिग्नोकेन जेली लावून बोट गुदद्वाराशी टेकवून क्षणभर थांबायचे, स्नायू सैल झाला की ते आपसूक आत जाते. मग चारी भिंती, मग बाहेरच्या तोंडापासून आत जाणारी दोरीसारखी घट्ट रेघ आहे का ते. शेवटी प्रॉक्टोस्कोप: आतली दांडी काढायची आणि नळी हळूहळू बाहेर ओढत रुग्णाला कुंथायला सांगायचे, तेव्हा ३, ७, ११ च्या गाद्या नळीत उतरतात आणि कुठल्या गादीवर ताजी लाली आहे ते दिसते. याला तीन-चार मिनिटे लागतात. सुश्रुताने गाईच्या सडाच्या आकाराचे, चार अंगुळे लांबीचे अर्शोयंत्र सांगितले आहे. पाहण्यासाठी दोन छिद्रांचे, शस्त्रकर्मासाठी एका छिद्राचे, आणि पुरुष व स्त्री यांच्यासाठी घेर वेगवेगळा. ज्यांना ही तपासणी परकीय चाल वाटते त्यांनी हा तपशील जरूर पाहावा. लाजेचे म्हणाल तर ती रुग्णाची जितकी असते तितकीच पुष्कळदा डॉक्टरचीही असते. आधी दोन वाक्यांत काय करणार ते सांगितले, पडदा लावला आणि स्त्री रुग्णाला हवी असल्यास स्त्री डॉक्टर मिळवून दिली, तर नकार क्वचितच येतो. मलाशय पूर्ण बाहेर येणे, म्हणजे ज्याला आंग बाहेर येणे म्हणतात, ते तर कित्येक म्हाताऱ्या बायका वर्षानुवर्षे मूळव्याध म्हणून सोसतात. कुंथायला लावून एकदा पाहिले तर फरक लपत नाही: मूळव्याधीवर मध्यापासून बाहेर जाणाऱ्या खाचा असतात, आंगावर एकात एक गोल वळ्या.

शस्त्रक्रियांची वर्णने या पुस्तकात थोडक्यातच आहेत. १९३७ ची मिलिगन-मॉर्गनची पद्धत असो, १९९८ ची लाँगोची स्टेपलर पद्धत असो की अलीकडचे लेझर, त्यांवर स्वतंत्र ग्रंथ उपलब्ध आहेत आणि त्या पद्धती सर्जनने गुरूच्या हाताखालीच शिकायच्या असतात. हे पुस्तक ज्यांच्यासाठी लिहिले आहे ते फॅमिली डॉक्टर, आयुर्वेद पदवीधर, तालुक्याच्या ठिकाणचे तरुण सर्जन आणि परिचारिका रुग्णाला पहिल्यांदा भेटतात. सर्जनांपुरती एक सूचना मात्र प्रत्येक प्रकरणात पुन्हा पुन्हा आली आहे आणि ती काहींना कंटाळवाणी वाटेल. भगंदराच्या भिंतीचा तुकडा, न भरणाऱ्या चिरेची कडा, नेहमीपेक्षा वेगळी वाटणारी 'मूळव्याध', जे काही कापून निघाले ते टाकून न देता पॅथॉलॉजीला पाठवावे. आपल्याकडे क्षय अशा तुकड्यांतून वारंवार सापडतो. गुदमार्गाचा मेलॅनोमा दुर्मीळ आहे, पण तो काळसर गाठीच्या रूपात येतो आणि गोठलेल्या मूळव्याधीसारखाच दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहीपर्यंत अनुभवी सर्जनलाही त्याची शंका येत नाही. म्हणून त्या बाटलीवरच्या चिठ्ठीवर 'मूळव्याध' एवढेच न लिहिता तुकडा तबकडीच्या कुठल्या अंकावरून घेतला, रक्त किती दिवस जात होते आणि बोटाला काय लागले, हेही लिहावे. पॅथॉलॉजिस्टला रुग्ण दिसत नाही, फक्त ही चिठ्ठी दिसते.